गॅरेजात सुरळीत, घाटात मिसिंग: जुन्या गाडीतला लपणारा दोष कसा पकडायचा

नमस्कार. तुमची अडचण मला समजली ती अशी. २००७ची सँट्रो झिंग, पेट्रोल, ९२ हजार किलोमीटर झालेली. राहायला चिपळूणला, कामासाठी कुंभार्ली घाटातून कऱ्हाडला जाणं-येणं. पावसाळा लागल्यापासून सकाळी पहिली दहा मिनिटं गाडी अडखळते आणि घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की झटके देते. सपाटीला ऐंशीच्या वेगात काही त्रास नाही. गॅरेजात नेली की एकदम सुरळीत. आतापर्यंत प्लग बदलून झाले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ झाली, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) धुतले, आणि आता गॅरेजवाले म्हणतात की ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला असावा, तो बदलावा लागेल. बदलू का, हा तुमचा प्रश्न.

नका बदलू. निदान आत्ता तरी अजिबात नाही.

कोणता पार्ट गेलाय हा तुमचा प्रश्न आहे, पण खरी अडचण त्याच्या अलीकडची आहे. दोष सतत नसेल, तर तो हजर असताना इंजिनाची तपासणीच झालेली नाही. सुरळीत चालणारं इंजिन उघडून त्यात बिघाड शोधला की हाताला काहीच लागत नाही, आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. आधी स्वस्त पार्ट, मग मधले, शेवटी ईसीएम. त्यात गॅरेजवाल्याची लबाडी असते असं नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, गाडी बरी चालत असते, आणि काहीतरी करून दाखवायचं असतं. म्हणून अशा गाडीत पहिलं काम एकच: दोष मागवता आला पाहिजे. तो हवा तेव्हा आणता आला की निदान अर्धं झालं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी तुमची गाडी पाहिलेली नाही. पुढे लिहितोय ते तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून आणि याच वयाच्या गाड्यांवर रोज काम करताना जे दिसतं त्यावरून. एखादं लक्षण तुम्ही लिहायचं राहिलं असेल तर माझा रोख बदलू शकतो. कुठे बदलेल तेही ओघात सांगतो.

सगळ्यात आधी हे नक्की करा की गाडी ‘मिसिंग’ मारतेय की ‘कट’ मारतेय. बोलताना आपण दोन्हीला झटकाच म्हणतो, पण दोन्हींची कारणं वेगळी. मिसिंगमध्ये चारपैकी एखादा सिलिंडर काम सोडतो, बाकीचे चालू असतात. त्यामुळे हादऱ्याला एक ताल असतो, गाडी लंगडत ओढते, सायलेन्सरचा आवाज फट-फट असा तुटक येतो. कटमध्ये चारही सिलिंडर एकदम बंद होतात. कुणीतरी क्षणभर चावी फिरवून परत चालू केल्यासारखं वाटतं, आणि गाडीत आरपीएमचा काटा असेल तर तो त्या क्षणी खाली पडतो. कट असेल तर क्रँक सेन्सर, इग्निशन स्विच, मेन रिले, पेट्रोल पंपाचा सप्लाय, अर्थिंग हा सगळा वेगळा रस्ता. तुमच्या वर्णनात ‘घाटात गाडी थरथरत ओढते’ असं आहे, ‘मधेच मेल्यासारखी होते’ असं नाही. म्हणून मी ही मिसिंग धरून चालतो. पुढच्या वेळी घाटात शेजारी कुणाला तरी बसवा, काच खाली घेऊन आवाज ऐकायला सांगा आणि हे पक्कं करून घ्या.

तुम्ही दोन वेळा सांगितल्यात. एक, ओलसर सकाळ आणि थंड इंजिन. दुसरी, घाटात वरच्या गिअरला, कमी आरपीएमवर, पाय पूर्ण दाबलेला. मला या दोन वेळा एकाच ठिकाणी जाताना दिसतात. कारण सांगतो.

प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण १ ते १.१ मिलिमीटर असते. तिच्यातून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात, आणि नेमके किती लागतील हे सिलिंडरमधल्या दाबावर अवलंबून असतं. दाब जितका जास्त, तितकी ठिणगी उडवायला अवघड. सपाटीला ऐंशीने जाताना तुमचा पाय जेमतेम ठेवलेला असतो, थ्रॉटल थोडंच उघडं असतं, सिलिंडरमध्ये हवा कमी जाते, दाब कमी राहतो. घाटात तिसऱ्या गिअरला आरपीएम दोन हजारांच्या आसपास आणि पाय तळाशी असतो, तेव्हा सिलिंडर पूर्ण भरतो आणि दाब टोकाला जातो. मग कॉइलला, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणाऱ्या पार्टला, ते व्होल्टेज बरंच वर न्यावं लागतं. जुन्या पाइपलाइनीत प्रेशर वाढलं की पाणी जिथं चीर असेल तिथूनच फुटतं, तसंच इथे होतं. वायरचं इन्सुलेशन, प्लग कॅपचा रबर, कॉइलचं प्लास्टिक, यांत जिथं कमजोरी असेल तिथून करंट प्लगपर्यंत न जाता बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या धातूत उतरतो. त्या वेळची ठिणगी गेली, तो सिलिंडर मिस झाला. कमी दाबाला हीच वायर बिनतक्रार काम करते. गॅरेजात उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी लोड नसतो, म्हणून तिथे दोष दिसत नाही.

आता ओलसर सकाळ घ्या. कोकणात जुलैमध्ये रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली सगळीकडे दमटपणा बसतो. वायरवर धूळ आणि तेलकटपणा असतो, त्यावर ओल आली की करंटला बाहेरून पळायला आयती वाट मिळते. दहा मिनिटांत इंजिन तापतं, ओल उडते, मिसिंग थांबते. म्हणजे ओल असताना थोड्या व्होल्टेजलाही गळती, आणि कोरडं असताना फक्त जास्त व्होल्टेजला गळती. या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की माझा पहिला संशय कायम हाय टेन्शन बाजूवर जातो: प्लग वायर, त्यांचे कॅप आणि कॉइल. तुमच्या गाडीत एक कॉइल पॅक आणि त्यातून चार प्लगना चार वायर अशी रचना आहे. सतरा-अठरा वर्षांच्या गाडीत मूळ वायर अजून तशाच असतील तर त्यांनी आपलं काम केव्हाच पूर्ण केलंय.

तुम्ही म्हणाल, प्लग तर बदलले. बरोबर, पण वायर बदलल्या का? तुमच्या लिहिण्यात तसं नाही, आणि इथेच बऱ्याच लोकांची फसगत होते. प्लग बाहेर काढून पांढऱ्या चिनी मातीच्या भागाकडे नीट बघा. त्यावर उभी, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती नुसती घाण नाही. करंट बाहेरून पळाला त्या वाटेवर जळून उरलेला कार्बन आहे. फडक्याने पुसून ती जात नाही. आणि प्लगवर रेघ असेल तर त्या प्लगवर बसणाऱ्या कॅपच्या आतल्या रबरातही तशीच रेघ असते. टॉर्च मारून, कॅपचं तोंड जरा ताणून बघा, राखाडी-पांढरट ओरखडा दिसेल. आता नुसता प्लग बदलला तर काय होतं? नव्या कोऱ्या प्लगवर तोच जुना कॅप बसतो, कॅपमधली वाट तशीच असते, आणि काही दिवसांत नव्या प्लगवरही रेघ पडते. गाडी आठ-पंधरा दिवस बरी चालते आणि परत पहिल्यासारखी. उलटंही तसंच, रेघ पडलेल्या प्लगवर नवी वायर घातली की तीही खराब होते. म्हणून रेघ दिसली की प्लग आणि वायर एकदमच बदलायचे.

आणि नवा प्लग म्हणजे चांगला प्लग असं धरू नका. नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. खरा प्लगही हातातून पडला तर फट दबते, पाना तिरका लागला तर चिनी मातीला केसाएवढी चीर जाते. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही प्लगची फट मोजून घ्या. बसवताना हाताने पूर्ण फिरवून टेकवायचा, नवा वॉशर असेल तर त्यानंतर साधारण अर्धा फेरा, बस. इंजिन गार असतानाच हे काम करा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर खर्च कुठल्या कुठे जातो.

आता दोष मागवायचा कसा ते. यासाठी रात्र आणि झाडांना पाणी फवारायची साधी बाटली लागते, आणखी काही नाही. अंधारात गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका. बॉनेट उघडा, इंजिन सुरू ठेवा, आजूबाजूचे दिवे बंद करा आणि नुसतं बघत उभे राहा. कमजोर वायर असेल तर कधी कधी काही न करताच निळसर ठिणग्या वायरवरून हेडकडे उडताना दिसतात आणि टिक-टिक असा बारीक आवाज येतो. काही दिसलं नाही तर बाटलीतून पाण्याचं बारीक धुकं वायरवर मारा. एकदम सगळीकडे नाही, एका वेळी एकच वायर, प्लगच्या टोकाकडून कॉइलकडे. पाण्यात चिमूटभर मीठ घातलं तर कस जास्त लागतो, पण मग शेवटी साध्या पाण्याने पुसून घ्या. ज्या वायरवर धुकं मारल्यावर इंजिन लंगडायला लागलं, तिथे तुमची सकाळची मिसिंग सापडली. शेवटी कॉइलवरही हलकं धुकं मारून बघा. कॉइलच्या प्लास्टिकला चीर असेल तर ती तिथे बोलते.

हे करताना हात लांब ठेवा. इथलं व्होल्टेज वीस-तीस हजारांच्या घरात जातं. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर हे काम करूच नये. सैल बाह्यांचे कपडे, ओढणी, गळ्यातली साखळी बेल्टपासून दूर. अल्टरनेटरवर आणि कपलरवर, म्हणजे वायरिंग जोडणाऱ्या प्लास्टिकच्या टोकांवर, पाणी मारू नका.

ओल्याने दोष आला नाही तर लोडने आणायचा. त्यासाठी घाटच लागतो असं नाही. कुठलाही चढ बघा, वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने पाय दाबा आणि मिसिंग येते का ते पाहा. मग तोच चढ त्याच वेगाने एक गिअर खाली घेऊन चढा. खालच्या गिअरला मिसिंग गायब झाली तर ती दाबाशी बांधलेली आहे, म्हणजे परत इग्निशन. आरपीएम वाढवून, गिअर खाली घेऊनही गाडी ओढत नसेल आणि जितका वेळ पाय दाबून ठेवाल तितकी ती मरगळत जात असेल, तर पेट्रोल कमी पडतंय असा संशय घ्यायचा. हा फरक ज्याच्या पायाला कळतो, तो माणूस कुठल्याही स्कॅनरपेक्षा लवकर उत्तराकडे जातो असं माझं ठाम मत आहे.

कोणता सिलिंडर मिस होतोय हे कळल्यावर लगेच पार्ट आणायला दुकानात जाऊ नका. आधी पार्टची जागा बदला. समजा दोन नंबर मिस होतोय. दोनचा प्लग तीनला घाला, तीनचा दोनला. गाडी फिरवून आणा. मिसिंग तीनवर गेली तर प्लग दोषी. दोनवरच राहिली तर प्लग सुटला, आता लांबी पुरत असेल तर वायरची अदलाबदल. तीही सुटली तर इंजेक्टर. दोष पार्टबरोबर हलला तर पार्ट खराब, जागेवरच राहिला तर त्या सिलिंडरचं काहीतरी खराब: कॉम्प्रेशन, त्या जागेचा कपलर किंवा त्याची वायरिंग. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या की निष्कर्ष काढता येत नाही. याला एक पैसाही लागत नाही, लागतो तो वेळ.

मिस होणारा सिलिंडर शोधताना प्लगची वायर उपटून ठिणगी बघायची जुनी सवय आहे, ती मात्र सोडा. उघडी वायर ठेवली की व्होल्टेजला जायला जागा राहत नाही, ते कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतं. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो तापून खलास होतो. त्याऐवजी इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचा कपलर काढा. कपलर काढल्यावर इंजिन अजून लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो आधीच झोपलेला आहे.

तुमच्या कॉइल पॅकची एक खासियत इथे कामाला येते. यात एका वेळी दोन प्लगवर ठिणगी पडते: एक आणि चार यांची जोडी, दोन आणि तीन यांची जोडी. जोडीतल्या एकात कॉम्प्रेशन संपत आलेलं असतं, दुसऱ्यात जळालेला गॅस बाहेर पडत असतो, त्यामुळे दुसरी ठिणगी वायाच जाते. मिसिंग एक-चार किंवा दोन-तीन अशा जोडीत येत असेल तर कॉइलचा अर्धा भाग, त्याचा कपलर किंवा ईसीएमकडून त्याला येणारी वायर यांकडे बघायचं. एकाच सिलिंडरवर असेल तर वायर, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन. एक अपवाद आहे: एखादी वायर आतून पूर्ण तुटली असेल तर जोडीदारालाही त्रास होतो, कारण दोन्ही प्लगचं सर्किट एकच असतं. म्हणून कॉइलला दोष देण्याआधी वायर मल्टिमीटरवर मोजा. चारही वायरचा रेझिस्टन्स लांबीच्या प्रमाणात, काही हजार ओहममध्ये हवा. एखादीच फटकून वेगळी दिसली किंवा मोजताना वाकवल्यावर आकडा उड्या मारायला लागला तर ती बाद. पण आकडा चांगला आला म्हणून वायर चांगली असं उलट म्हणू नका. मीटर आतली तार मोजतो, बाहेरच्या रबराची चीर त्याला दिसत नाही. ती पाण्याच्या फवाऱ्यालाच दिसते.

कॉइलवरच्या वायरी बदलून लावायची वेळ आली तर फक्त जोडीतल्या जोडीत बदला. एक आणि चार आपसांत चालतील, दोन आणि तीन आपसांत चालतील. एकची दोनला लावली तर चुकीच्या वेळी ठिणगी पडेल, इंजिन फटाके वाजवेल.

इतकं करूनही इग्निशन निर्दोष निघालं, तर पुढे काय?

पेट्रोलचा सप्लाय. एमपीएफआय गाड्यांत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या गाड्यांत, इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत (रेलमध्ये) साधारण ३ बार प्रेशर असतं. गेज जोडून उभ्या गाडीवर बघितलं तर बहुतेक वेळा बरोबरच दिसतं. चढावर पाय दाबून ठेवल्यावर ते खाली येतं का, हे बघायला हवं. त्यासाठी मेकॅनिकला शेजारी बसवून रस्त्यावरच न्यावं लागतं. फिल्टर तुंबला असेल, पंप थकला असेल तर इथे कळतं. टाकीत पाव टाकीपेक्षा कमी पेट्रोल असताना जास्त त्रास होतो का, तेही लक्षात ठेवा. होत असेल तर टाकीच्या तळाला पाणी किंवा गाळ असू शकतो. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत, दमट हवेत, हे पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. तुमची गाडी ज्या काळात बनली तेव्हा तिचे रबरी पाइप आणि सील या पेट्रोलसाठी ठरवलेले नव्हते, तेव्हा पेट्रोलचे पाइप कडक झालेत का, कुठे ओल दिसते का, ते नक्की बघून घ्या. एवढं मात्र खरं की इथेनॉलमुळे एकच सिलिंडर मिस होईल असं नाही. मिश्रण थोडं पातळ होतं, पातळ मिश्रणाला ठिणगी जास्त जोरदार लागते, आणि आधीच कमजोर असलेली वायर त्यामुळे लवकर उघडी पडते.

हवेची गळती. इनटेकचा गॅसकेट, ब्रेक बूस्टरचा पाइप, व्हॅक्यूमचे बारीक पाइप. हिची ओळख सोपी: स्लोवर गाडी थरथरते, रेस दिली की सुधारते. तुमचं नेमकं उलट आहे, म्हणून मी इथे वेळ घालवणार नाही. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारणारे आहेत, पण त्यातून आग लागू शकते. संशयित पाइप चिमट्याने दाबून फरक पडतो का ते बघा, तेवढं पुरतं.

कॉम्प्रेशन. हे कधी ना कधी मोजायचंच, कारण जुन्या गाडीत बाकी सगळं बदलण्याआधी इंजिनाची तब्येत माहीत हवी. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का, हे महत्त्वाचं. तीन सिलिंडर बारा-तेरा किलोला आणि एक दहाला असेल तर तिथे थांबा. त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. पहिल्याच मिनिटात मिसिंग, सोबत पांढरा धूर आणि कूलंट हळूहळू कमी होत असेल तर रात्रभर एका सिलिंडरमध्ये कूलंट झिरपतंय असा संशय घ्यायचा. अशा सिलिंडरचा प्लग बाकी तिघांपेक्षा विचित्र स्वच्छ, धुतल्यासारखा निघतो. तुम्ही कूलंटबद्दल काही लिहिलेलं नाही. ते कमी होत असेल तर मी आधी इकडे वळेन, वायरकडे नाही.

तुमच्या गाडीला सीएनजी नाही, पण ज्यांच्या आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सीएनजीवर मिस आणि पेट्रोलवर ठीक असेल तर आधी इग्निशन बघा, कारण गॅसला ठिणगी जास्त ताकदीची लागते. दोन्हींवर एकाच सिलिंडरला मिस असेल आणि इंजिन तापल्यावर वाढत असेल तर व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही असं बऱ्याचदा निघतं, आणि ते गरम इंजिनावर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय कळत नाही.

अर्थिंग आणि वायरिंगकडे मात्र तुमच्या भागात मी मुद्दाम बघेन. समुद्राकडची हवा आणि एवढा पाऊस, त्यात अर्थिंगच्या केबलचं टोक वरून ठीक दिसतं आणि आतून हिरवं पडलेलं असतं. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही चालू, आणि मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या धातूला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल काढून साफ करा किंवा बदला. त्याच वेळी इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरिंगवरून बोटं फिरवा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरचं वेष्टण कुरतडतात. वरून कापलेली वायर दिसते, खालच्या बाजूने सोललेली दिसत नाही. इंजिन चालू ठेवून एकेक कपलर हलकेच हलवा. लंगडलं तर तिथे थांबा.

स्कॅनरबद्दल तुम्ही विचारलं होतं, की चेक लाइट लागलेली नाही तर मिसिंग कशी असेल. असू शकते. आपल्याकडे गाडीने स्वतःच्या बिघाडावर लक्ष ठेवण्याची सक्ती बीएस ४ या प्रदूषण नियमांबरोबर २०१०पासून टप्प्याटप्प्याने आली आणि दुसरा, जास्त कडक टप्पा २०१३चा. मिसिंग मोजून सिलिंडरसकट कोड देणं हे नव्या गाड्यांचं काम. तुमच्या वयाच्या गाडीकडून ती अपेक्षा ठेवू नका, आणि मोबाइलला जोडायचं स्वस्त डोंगल तिच्याशी बोलेलच असंही नाही. कोड नाही म्हणजे दोष नाही असं नव्हे. आणि ज्यांच्या नव्या गाडीत मिसिंगच्या वेळी चेक लाइट लुकलुकते, त्यांनी पाय काढून हळू चालवावं. तो इशारा कन्व्हर्टर जळायच्या बेतात आहे याचा असतो.

म्हणजे तुमच्या गाडीसाठी मी ठेवला असता तो क्रम असा. पहिले चार दिवस काहीच बदलू नका, फक्त लिहून ठेवा: मिसिंग कधी आली, इंजिन गार की गरम, पाऊस होता का, कोणता गिअर, पाय किती, पेट्रोल किती. मग प्लग काढून नंबराप्रमाणे कागदावर मांडा, रेघ बघा, कॅप बघा. रात्री पाण्याचा फवारा. वायर मोजणं. मग जागा बदलणं. यात वायर दोषी निघाल्या तर चारही वायरचा चांगला सेट आणि प्लग एकदमच, आणि लगेच घाटात नेऊन तपासणी. घाटात न नेता ‘झालं’ म्हणू नका. वायर आणि प्लग बदलूनही एकाच जोडीत मिसिंग राहिली तर कॉइल, आणि कॉइल नवी विकत घेण्याआधी कुणाच्या चालू गाडीची तासभर लावून बघायची सोय होत असेल तर करा.

राहता राहिला ईसीएम. तो कधीच जात नाही असं मी म्हणणार नाही. पाणी गेलं, कुणी उलटी बॅटरी लावली, तर जातो. पण त्याच्यावर बोट ठेवण्याआधी मी तीन गोष्टी मागतो. त्याला येणारा बॅटरी सप्लाय आणि अर्थ दोष असतानाच्या वेळी बरोबर मोजले गेले पाहिजेत. त्याच्याकडून कॉइलला जाणारी वायर टोकापासून टोकापर्यंत सलग निघाली पाहिजे. आणि नवी कॉइल लावूनही त्याच जोडीची ठिणगी जाताना प्रत्यक्ष दिसली पाहिजे. तुमच्या गॅरेजवाल्यांना एवढंच विचारा की यातलं काय काय मोजलं. मोजलेलं नसेल तर पैसे थांबवा. आणि सेकंडहँड ईसीएम लावून बघू म्हणाले तर आधी पार्ट नंबर जुळतो का आणि तुमच्या गाडीत इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आहे का ते विचारा. इमोबिलायझर असेल तर दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावून गाडी सुरूच होणार नाही, आणि मिसिंगच्या जागी वेगळंच दुखणं घेऊन बसाल.

फवारा मारल्यावर काय दिसलं ते, आणि चारही प्लगचे फोटो नंबराप्रमाणे, शक्य झालं तर पाठवा. कूलंट कमी होतंय का तेही लिहा.